हलका दुवा, पक्का दुवा

(रेल्वेगाडीचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतुसंमिश्र घटकांविषयीच्या व्याख्यानाचे शब्दांकन)



अहिल्यानगर जिल्ह्यातून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग हा मुळात एक दुवाच आहे. मुंबईहून निघालेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या दोन शाखांपैकी एक थळ घाट चढून ईशान्येकडे गेली, तर दुसरी बोर घाट चढून आग्नेयेकडे. घाटमाथ्यावर एकमेकींपासून दूर जाणाऱ्या या दोन शाखांना सांधण्यासाठी दौंड आणि मनमाड यांच्यामध्ये मार्ग घालण्यात आला व तो १८७८ मध्ये खुला झाला. १८७६ ते १८७८ हा भीषण दुष्काळाचा काळ होता. भुकेलेल्या माणसांच्या हातांना काम म्हणून या मार्गाचे बरेचसे मातीकाम झाले. पुढे सुमारे दीडशे वर्षे नगर, राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव या गावांचा माल आणि माणसे याच दुव्यावरून देशभर जात राहिली.

लोहमार्ग जसा दोन प्रदेशांना जोडतो, तसे गाडीच्या पोटाशीही असंख्य दुवे असतात. डब्याला डबा जोडणारे कपलिंग, डबा आणि बोगी यांना जोडणारी ओढदांडी, डब्याचा झोल आवरणाऱ्या दांड्या, मोटार आणि चाकांचा आस यांच्यामधील जोडणी, एका डब्यातून दुसऱ्यात जाण्यासाठी असलेला घडीदार पडद्याचा मार्ग. प्रवाशाच्या दृष्टीला यांतले काहीच सहसा पडत नाही. गाडी सुखरूप पोहोचली की त्यांची आठवणही कोणी काढत नाही. परंतु गाडीची खरी कसोटी या सांध्यांतच असते. आजवर पोलादाने वाहिलेले हे ओझे आता काच आणि कर्ब यांच्या धाग्यांनी विणलेले घटक अंशतः उचलू लागले आहेत. हा बदल समजून घेणे हे केवळ अभियंत्यांचे काम नाही. ज्या जिल्ह्यात नव्या गाड्या येत आहेत, नवे मार्ग पडत आहेत आणि हजारो तरुण तंत्रशिक्षण घेत आहेत, त्या जिल्ह्यातील सुजाण कुटुंबांनीही तो समजून घ्यायला हवा.

घाटात कळते दुव्याची किंमत

कपलिंगवर नेमका किती ताण येतो, याचा हिशेब थळ घाटात सोपा होतो. कसारा ते इगतपुरी हा चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर वर चढते. एक हजार टनांची गाडी या चढावर नुसती तोलून धरायची, तरी सुमारे २७ टनांचा ओढ लागतो. इंजिन फक्त पुढे असेल, तर हा सारा ओढ इंजिन आणि पहिला डबा यांच्यामधील एका दुव्यातून जातो. शिवाय गाडी सुरू होताना बसणारा हिसका आणि ब्रेक लावताना येणारा रेटा वेगळाच. म्हणूनच या घाटात मागून रेटणारी बँकर इंजिने लावण्याची पद्धत पडली. मागचे इंजिन गाडी वर ढकलते, त्याचबरोबर पुढच्या दुव्यावरील ताणही कमी करते.

भारतात प्रवासी डब्यांना दीर्घकाळ स्क्रू कपलिंग आणि बाजूचे बफर अशी जोडणी होती. आकडा अडकवायचा, स्क्रू फिरवून तो आवळायचा आणि हे सारे पॉइंट्समनने दोन डब्यांच्या मधल्या अरुंद जागेत शिरून करायचे. हे काम किती जोखमीचे आहे, याची जाणीव नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारमधील बरौनी स्थानकावर पुन्हा झाली. इंजिन आणि डबा यांच्यामध्ये सापडून तेथे एका रेल्वे कर्मचाऱ्याला प्राण गमवावे लागले. दुव्याचा विचार करताना वेग आणि वीज यांच्या आधी त्याला हात लावणाऱ्या माणसाचा विचार झाला पाहिजे, तो यासाठी. जड लोखंड उचलणारे हात जितके थकतात, तितकी चूक जवळ येते.

मालगाड्यांना पुढे मध्यवर्ती कपलर आले. २००० साली जर्मनीहून आलेल्या एलएचबी धाटणीच्या डब्यांसोबत तेच तत्त्व प्रवासी गाड्यांत रुजले. या कपलरचे जबडे एकमेकांत आपोआप अडकतात. डबे एकमेकांवर चढण्याचा धोका त्यामुळे बराच घटतो. त्यानंतर १५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्ली-वाराणसी मार्गावर पहिली वंदे भारत धावली आणि आणखी एक फरक पडला. या गाडीला वेगळे इंजिन नाही. तिच्या निम्म्या डब्यांखालीच मोटारी आहेत. ओढण्याचे काम गाडीभर वाटले गेल्याने नित्याच्या प्रवासात डब्यांमधील दुव्यावर पूर्वीइतका ताण राहत नाही. मधले डबे अर्धस्थायी कपलरने जोडलेले असतात. ते रोजच्या रोज सोडायचे नसल्याने त्यांची रचना साधी ठेवता येते. तंतूच्या दुव्याला शिरकाव करण्याजोगी जागा इथेच निर्माण होते.

मोटेचा नाडा आणि कर्बाचा धागा

तंतुसंमिश्र म्हणजे काय, हे समजायला प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. विहिरीवरील मोट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचा नाडा आठवत असेल. अंबाडीचा वा घायपाताचा एक धागा बोटांनी तुटतो, पण शेकडो धागे वळून केलेला नाडा पाण्याने भरलेली चामड्याची मोट दिवसभर वर ओढतो. बैल धावेवरून खाली उतरतात, त्यांचा सारा जोर नाड्याच्या लांबीच्या दिशेने जातो आणि धागेही त्याच दिशेने पडलेले असतात. जोर ज्या दिशेने, धागा त्या दिशेने, हे तंतुसंमिश्राचे पहिले सूत्र आपल्या विहिरींच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते.

नाड्याची मर्यादाही शेतकऱ्याला ठाऊक होती. नाडा ओढू शकतो, ढकलू शकत नाही. आधुनिक संमिश्रात ही उणीव राळ भरून काढते. काचेचे किंवा कर्बाचे केसाहून बारीक तंतू सरळ मांडून त्यांच्यामध्ये एपॉक्सीसारखी राळ मुरवली आणि ती तापवून घट्ट केली की तंतू जागच्या जागी राहतात. मग तो घटक ओढ सोसतो, दाब सोसतो आणि आकारही धरतो. तंतू बळ देतात, राळ त्यांना एकत्र ठेवते.

आकडे पाहिले म्हणजे मोह का पडतो ते ध्यानात येते. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८ पट, ॲल्युमिनियमची २.७ पट, तर कर्बतंतूंच्या संमिश्राची साधारण १.६ पट असते. म्हणजे त्याच आकाराचा तुकडा पोलादाच्या एक पंचमांश वजनाचा. नेहमीचे बांधकामाचे पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५ किलोच्या ओढीनंतर कायमचे ताणले जाऊ लागते. एकाच दिशेने तंतू घातलेला कर्बसंमिश्र तंतूंच्या दिशेने दीडशे किलोहून अधिक ओढ सोसतो. कपलरसाठी वापरायचे पोलाद साध्या पोलादापेक्षा बळकट असते हे खरे, तरीही वजनाच्या तुलनेत बाजी तंतूचीच राहते.

मात्र याच आकड्यांची दुसरी बाजू सांगितली नाही, तर ती अर्धवट माहिती ठरेल. तोच संमिश्र तंतूंच्या आडव्या दिशेने ओढला, तर चार-पाच किलोतच फाटू लागतो, कारण तिथे ओझे तंतूंवर न येता राळेवर येते. पोलादाला दिशा नसते, संमिश्राला असते. म्हणून पोलादाचा जुना भाग घेऊन त्याच आकाराचा भाग तंतूंचा करायचा, ही पद्धत फसते. जोर कुठून येतो, कुठे वळतो आणि कुठे बाहेर पडतो, याचा नकाशा आधी काढावा लागतो आणि धागा त्या नकाशावरून न्यावा लागतो.

दुव्याच्या टोकांचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. दांडीला भोक पाडून त्यात खीळ घालायची, ही लोखंडाची रीत. संमिश्रात भोक पाडले की नेमके भार वाहणारे तंतूच कापले जातात. त्यावरचा उपाय विणकराच्या अंगणात दिसतो. सूत मांडताना ते दोन खुंट्यांभोवती फिरवून फेरे घेतात. त्याचप्रमाणे दोन धातूंच्या वलयांभोवती अखंड तंतू गुंडाळत जायचे आणि मग राळ घट्ट करायची. तंतू कुठेही तुटत नाही, तो वलयाला वळसा घालून परत येतो. ओढ वाहणाऱ्या दुव्यांसाठी ही रचना फार उपयुक्त ठरली आहे. जिथे ओढ आणि दाब दोन्ही येतात, तिथे तंतूंची नळी करून तिच्या टोकांना धातूच्या टोप्या पक्क्या बसवतात. मधला भाग तंतूचा, टोके धातूची, असा हा समझोता असतो.

कुठे तंतू, कुठे पोलाद

गाडीतील प्रत्येक दुवा तंतूचा करावा, असे कोणी जाणकार म्हणणार नाही. कपलरचे जबडे एकमेकांवर आदळतात, घासतात, झिजतात. तिथे पोलादच हवे. भारतीय रेल्वेच्या नियमित गाड्यांत डब्यांना जोडणारा मुख्य दुवा पोलादाचाच आहे आणि तो तसा असण्याला सबळ कारणे आहेत. प्रवासी डब्याच्या सांगाड्याने टोकांवर सुमारे २०० टनांचा दाब सोसला पाहिजे, अशी एक प्रचलित कसोटी आहे. अशा कसोटीत पोलादाचा अनुभव शतकाहून जुना आहे.

तंतूला वाव आहे तो दुसऱ्या फळीत. अर्धस्थायी कपलिंगचा मधला दांडा, डबा व बोगी यांच्यामधील ओढदांडी, झोल आवरणाऱ्या दांड्या, शक्ती वाहून नेणारे फिरते दंड आणि कपलरवरचे आवरण हे त्याचे क्षेत्र. डब्यांमधील घडीदार मार्ग तर आधीपासूनच संमिश्र आहे. मजबूत कापडावर रबरी लेप देऊन तो केलेला असतो. वळणावर तो दुमडतो, सरळ मार्गावर उलगडतो आणि तरी पाऊस व धूळ आत येऊ देत नाही.

जगात याहून पुढची पावले पडली आहेत. जपानच्या कावासाकी कंपनीने बोगीच्या बाजूच्या पोलादी तुळया आणि गुंडाळी स्प्रिंगा या दोहोंच्या जागी कर्बतंतूंचे एकच कमानदार पाते बसवले. हे पाते बोगीचा सांगाडाही असते आणि स्प्रिंगही. २०१४ पासून कुमामोतो येथील एका छोट्या खासगी रेल्वेवर ही बोगी प्रवासी घेऊन धावू लागली. सांगाड्याच्या वजनात सुमारे ४० टक्के घट झाल्याचे तिचे निर्माते सांगतात. चीनने २०१८ मध्ये बर्लिनच्या रेल्वे प्रदर्शनात कर्बतंतूंची मेट्रो मांडली आणि जानेवारी २०२५ मध्ये छिंगदाओ शहराच्या मेट्रोत तशी गाडी प्रवासी वाहतुकीत आणली. या गाडीचे एकूण वजन साधारण ११ टक्क्यांनी कमी असल्याचे जाहीर झाले. म्हणजे बर्लिनच्या प्रदर्शनापासून प्रवाशांपर्यंत पोहोचायला सुमारे सव्वासहा वर्षे गेली. हा काळ कसोट्यांचा होता. घाई करणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

वजन कमी करून मिळते काय?

१० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई-साईनगर शिर्डी वंदे भारत सुरू झाली. ही गाडी बँकर इंजिनाच्या मदतीवाचून थळ घाट चढते, मनमाडला वळते आणि येवला, कोपरगाव करीत पुणतांब्याहून शिर्डीला जाते. १८७८ च्या त्याच जुन्या दुव्यावरून ती जिल्ह्यात शिरते. या गाडीच्या सुधारित आवृत्तीचे वजन ४३० टनांवरून ३९२ टनांवर आणल्याचे रेल्वे मंत्रालयाने २०२२ मध्ये जाहीर केले होते. म्हणजे १६ डब्यांत मिळून ३८ टनांची घट, दर डब्यामागे सुमारे २.४ टन. ही गाडी शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ५२ सेकंदांत गाठते, असेही तेव्हा सांगण्यात आले.

३८ टनांचा अर्थ घाटाच्या भाषेत काढला, तर ३७ ला १ या चढावर सुमारे एक टनाचा ओढ कायमचा वाचतो, तोही प्रत्येक फेरीत. वजन कमी झाले की चढायला वीज कमी लागते, ब्रेकची झीज कमी होते. त्यातही बोगीतले, विशेषतः स्प्रिंगच्या खालचे वजन कमी झाले तर लाभ अधिक. स्प्रिंगच्या वरचे वजन रुळावर काहीसे अलगद येते, खालचे मात्र प्रत्येक सांध्यावर थेट घण घालते. रूळ, खडी आणि स्लीपर यांचे आयुष्य त्यावर अवलंबून असते. दुव्यांच्या वजनात वाचणारे किलो एकूण गाडीच्या मानाने थोडे वाटतील. पण ते अशा जागी वाचतात की तिथल्या एका किलोची किंमत डब्याच्या छतावरील किलोहून जास्त ठरते.

मडके वाजवून घ्यावे

आता धोक्यांकडे वळायला हवे, कारण या विषयाचा खरा कस तिथे लागतो. पोलाद बिघडते तेव्हा बहुधा चिन्हे दाखवते. ते वाकते, ताणले जाते, गंजते, पृष्ठभागावर चीर उमटते. तपासनीसाला त्या खुणा वाचण्याची सवय असते. संमिश्राचे तसे नसते. वेगात उडालेला खडीचा दगड ओढदांडीवर आदळला, तर वरून केवळ पुसट ठिपका दिसेल आणि आतले थर मात्र एकमेकांपासून सुटलेले असतील. मोडतानाही संमिश्र पोलादासारखा आधी वाकून इशारा देईलच, असा भरवसा नसतो.

बाजारात मडके घेताना ते वाजवून पाहण्याची आपल्याकडची रीत आहे. पक्क्या मडक्याचा नाद खणखणीत, तडा गेलेल्याचा बद्द. रेल्वे स्थानकांवर चाकांवर हातोडी मारून आवाज ऐकणारा कर्मचारी हेच करीत असे. संमिश्राच्या तपासणीतही ठोकून आवाज ऐकण्याची पद्धत आजही वापरली जाते. सुटलेल्या थरावर नाद मंदावतो. तिच्यावर न थांबता पुढे श्राव्यातीत ध्वनिलहरींनी आतले थर तपासले जातात. प्रश्न यंत्राचा नसून यंत्रणेचा आहे. प्रत्येक देखभाल केंद्रात हे यंत्र, ते वाचू शकणारा माणूस आणि त्याची नोंद प्रामाणिकपणे ठेवणारी वही, ही तिन्ही असल्याखेरीज तंतूचा दुवा गाडीखाली लावणे हे धाडस ठरेल.

दुसरा धोका आगीचा. १६ ऑक्टोबर २०२३ च्या दुपारी आष्टीहून नगरकडे येणाऱ्या डेमू गाडीला नारायणडोहजवळ आग लागली आणि पाच डबे जळाले. सुदैवाने एकाही प्रवाशाला इजा झाली नाही. जिल्ह्यातील माणसांनी ती काळी पडलेली गाडी पाहिली आहे. आगीच्या वेळी डब्यांमधील मार्ग हा माणसांना बाहेर काढणारा दुवा असतो, तसाच तो ज्वाळेला पुढे नेणारा दुवाही होऊ शकतो. म्हणून तिथल्या प्रत्येक साहित्याची परीक्षा कडक हवी. काच आणि कर्ब यांचे तंतू सहजी पेटत नाहीत, पेटते ती राळ. साधी पॉलिएस्टर राळ दाट काळा धूर सोडते आणि बंद डब्यात ज्वाळेआधी धूरच जीव घेतो. फिनॉलिक राळ तुलनेने कमी धूर करते. काही मिश्रणांत तापल्यावर पाणी सोडणारी खनिज पूड घालतात, त्यामुळे ज्वाळा मंदावते. युरोपात २०१३ पासून लागू झालेल्या रेल्वे अग्निसुरक्षा मानकात साहित्याची ज्वलनशीलता, धूर आणि विषारीपणा यांची स्वतंत्र मोजणी होते. याखेरीज भार वाहणाऱ्या दुव्याच्या बाबतीत आणखी एक अट येते. घटक पेटला नाही तरी तापून राळ मऊ झाली, तर त्याचे बळ जाते. एपॉक्सीच्या अनेक जातींत ही सीमा १२० ते १८० अंशांच्या आसपास असते. ब्रेक आणि मोटारीच्या शेजारी बसणाऱ्या दुव्याची राळ निवडताना नगरच्या मे महिन्यातील ऊनही हिशेबात घ्यावे लागते.

तिसरा धोका ओलाव्याचा. कर्बतंतू वीज वाहतो. तो ॲल्युमिनियमला थेट टेकला आणि मध्ये पावसाचे पाणी साचले, तर बॅटरीसारखी क्रिया सुरू होऊन धातू पोखरला जातो. मध्ये काचतंतूचा एक थर दिला की हे टळते. एवढीशी गोष्ट, पण ती विसरली तर चार पावसाळ्यांत सांधा सैल होईल.

आणि काही भाग तर मोडण्यासाठीच केलेले असतात, हेही समजून घ्यावे. ६ ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई-गांधीनगर वंदे भारत अहमदाबादजवळ म्हशींच्या कळपावर आदळली आणि तिचे काचतंतूचे नाक फुटले. त्यावर थट्टा खूप झाली. वास्तविक ते नाक म्हणजे पुढच्या कपलरवरचे आवरण. धडक बसली की ते फुटावे, आतील सांगाडा शाबूत राहावा आणि आवरण झटपट बदलता यावे, हाच त्यामागचा विचार. दुसऱ्याच दिवशी गाडी नवे नाक लावून धावली. कोणता भाग मोडावा आणि कोणता कदापि मोडू नये, हे आधी ठरवणे म्हणजेच अभियांत्रिकी. आवरण पहिल्या वर्गात मोडते, ओढदांडी दुसऱ्या. दोन्ही एकाच कारखान्यात, एकाच राळेत घडू शकतील, पण दोहोंना लावायची कसोटी एक असू शकत नाही.

सामर्थ्य कुठे आहे?

या विद्येत भारत नवखा नाही. तेजस विमानाच्या सांगाड्याच्या वजनात संमिश्रांचा वाटा सुमारे ४५ टक्के आहे. ४ जानेवारी २००१ रोजी ते प्रथम आकाशात झेपावले. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तर नगरच्या शेजारच्या नाशिकमध्ये तयार झालेल्या पहिल्या तेजस एमके-१ए ने उड्डाण केले. ध्रुव हेलिकॉप्टरची पाती संमिश्राची आहेत. गोव्यात पिळर्ण येथील किनेको ही कंपनी रेल्वेसाठी संमिश्रांचे अंतर्भाग तयार करते. छत्रपती संभाजीनगरात सीमेन्सच्या कारखान्यात बोगी बनतात. लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला आहे. म्हणजे राळ आणि तंतू जाणणारे हात, बोगी जाणणारे हात आणि डबा जाणणारे हात, तिन्ही मराठी मुलखाच्या आवाक्यात आहेत. उणीव आहे ती या तिघांमधील दुव्याची.

कच्च्या मालाची बाजूही स्पष्टपणे पाहावी. उच्च दर्जाच्या कर्बतंतूसाठी भारत आजवर मुख्यतः आयातीवर विसंबून राहिला आहे. बंगळुरूच्या एनएएल या राष्ट्रीय प्रयोगशाळेने कर्बतंतूचे तंत्र विकसित केले, परंतु प्रयोगशाळेतून कारखान्यात आणि कारखान्यातून टिकाऊ बाजारपेठेत जाण्याची वाट खडतर ठरली. तंतू बाहेरचा आणि मजुरी आपली, एवढ्यावर समाधान मानले तर स्वावलंबन अपुरे राहील.

या संदर्भात नगरकरांच्या पायाखालचा काळा दगड आठवतो. बेसॉल्ट सुमारे १४०० ते १५०० अंशांना वितळवून त्याचेही धागे ओढता येतात. ते काचतंतूच्या जवळपासच्या गुणांचे असतात व उष्णता चांगली सोसतात. पूर्व युरोप आणि चीनमध्ये हा उद्योग उभा आहे. प्रत्येक खाणीतला दगड चालत नाही. त्यातील सिलिकाचे आणि इतर घटकांचे प्रमाण जुळावे लागते. तरीही दख्खनच्या पठारावर राहणाऱ्यांनी आपला दगड केवळ खडीसाठी फोडावा की त्याचे रासायनिक परीक्षणही करावे, हा प्रश्न अभियांत्रिकी आणि विज्ञान महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांनी हाती घेण्याजोगा आहे.

नगरकडे आणखी एक ठेव आहे, ती म्हणजे कसोटीची संस्कृती. वाहननगर येथे संरक्षण संशोधन संस्थेची वाहन संशोधन व विकास प्रयोगशाळा आहे. रणगाड्यांच्या जातीची व चाकांची लष्करी वाहने तिथे विकसित होतात, चाचणीपथावर तासन्‌तास पळवली जातात, नागरी वाहनांनाही नियमांनुसार प्रमाणित केले जाते. रेल्वेच्या घटकांचे मानक ठरवणारी संस्था लखनऊची आरडीएसओ ही असली, तरी मोजणे, मोडेपर्यंत ताणणे, नोंदवणे आणि मगच मान्यता देणे हा शिस्तीचा संस्कार या शहराला परका नाही. नागापूरची औद्योगिक वसाहत, सुपे येथील नवे उद्योग आणि जिल्ह्यातील आयटीआय व तंत्रनिकेतने यांना या संस्काराची जोड मिळाली, तर तंतुसंमिश्रांची घडण, तपासणी आणि दुरुस्ती यांचे कुशल मनुष्यबळ इथून उभे राहू शकते. दुरुस्तीचे काम तर विशेष महत्त्वाचे, कारण संमिश्राचा थर घासून, सुकवून, नवा थर बसवण्याची कला यंत्रापेक्षा हाताच्या सरावाने येते.

दुवा होणाऱ्यांचे काम

मराठवाड्याला जोडणाऱ्या अहिल्यानगर-बीड मार्गावर १७ सप्टेंबर २०२५ पासून बीडपर्यंत गाडी जाऊ लागली. कित्येक वर्षे रेल्वेची वाट पाहणाऱ्या गावांत शिटी ऐकू आली. पुढे परळीपर्यंत हा मार्ग पूर्ण होईल, तेव्हा नगर हे केवळ दौंड-मनमाड वाटेवरचे एक स्थानक न राहता चहूबाजूंनी येणाऱ्या मार्गांचे मीलनस्थान होईल. या मार्गांवर पुढील तीस-चाळीस वर्षे कोणत्या गाड्या धावतील, त्यांचे दुवे कशाचे असतील आणि ते कोणी घडवलेले असतील, याचे उत्तर आज शाळेच्या बाकावर बसलेली मुले देणार आहेत.

त्यांना द्यायची शिकवण थोडक्यात सांगता येते. हलकेपणाचे कौतुक करावे, पण तो कुठून आला याचा हिशेब मागावा. धागा कोणत्या दिशेने पडला आहे, टोक कसे बांधले आहे, राळ कोणत्या तापमानाला हार मानते, दगड लागल्यावर आत काय झाले हे कोणी पाहिले, आणि कसोटीत तो दुवा कितव्या टनाला तुटला, या पाच प्रश्नांची लेखी उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, तोच दुवा गाडीखाली जाण्यास पात्र. देशी आहे म्हणून कसोटीत सूट नको आणि परदेशी आहे म्हणून डोळे मिटून विश्वास नको. कसोटीला उतरलेले स्वदेशी हेच टिकाऊ स्वदेशी.

मोटेचा नाडा वळणारा कारागीर नाडा गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी झाडाला बांधून, सारे अंग टाकून ओढून पाहत असे. त्या नाड्याच्या भरवशावर कोणाचे बैल आणि कोणाचे शेत आहे, हे तो जाणून होता. आज शिर्डीला जाणाऱ्या गाडीत कोणाची म्हातारी आई आहे, बीडहून येणाऱ्या गाडीत कोणाचा शिकायला निघालेला मुलगा आहे. दुवा पोलादाचा असो वा धाग्याचा, तो घडवणाऱ्याने एकदा अंग टाकून ओढून पाहिलेला असावा, इतकीच त्या दोघांची अपेक्षा आहे.